आक्षेप एकदाच लिहा

मार्च सुरू झाला की अजूनही मला रात्री दोन वाजता जाग येते. 36 वर्षं कोषागारात गेली. 31 मार्चच्या रात्री बिलं पास करत बसलेल्या माणसाची ती सवय सुटत नाही. आता बिलं नाहीत, पेन्शनच्या या सदराला आलेली तुमची पत्रं आहेत. शिमग्याची पालखी आमच्या वाडीत येऊन गेली त्या दुपारी पडवीत बसून ती सगळी वाचली. त्यातली पाच इथे घेतली आहेत. नावं आणि कार्यालयं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : मी अव्वल कारकून म्हणून गेल्या 31 मे रोजी निवृत्त झालो. दहावा महिना चालू आहे, पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. सेवापुस्तक, म्हणजे माझ्या नोकरीभरच्या नोंदींची वही, तपासणीतून परत आलं. 12 वर्षांपूर्वी मला आश्वासित प्रगती योजनेचा (बढती न मिळता वरची वेतनश्रेणी देणाऱ्या योजनेचा) लाभ चुकीने दिला गेला, असा आक्षेप आहे. वसुली 2 लाख 84 हजार. "वसुलीला संमती लिहून द्या, मगच पेन्शन प्रकरण पुढे पाठवू," असं कार्यालयात सांगतात. मे महिन्यात मुलीचं लग्न आहे. सही करून टाकू का? (कणकवली)

नको. निदान हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी करू नका.

तुमच्या बाबतीत तीन वेगळ्या गोष्टी एकाच दोरीने बांधल्या गेल्या आहेत. वेतननिश्चिती दुरुस्त करणं ही एक, जास्त गेलेले पैसे वसूल करणं ही दुसरी आणि पेन्शन सुरू करणं ही तिसरी. ही गाठ आधी सोडवायला हवी. लाभ खरोखरच नियमाबाहेर दिला गेला असेल, तर वेतन दुरुस्त होईल आणि पेन्शन त्या दुरुस्त वेतनावर बसेल. इथे मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. योजनेचा शासन निर्णय आणि तुमचा आदेश शेजारी ठेवून वाचा. आक्षेप बरोबर असेल तर तो मान्य करा, त्यात कमीपणा नाही.

वसुलीचं मात्र तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2014 रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे की वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करता येत नाही. निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडूनही नाही. जास्तीचे पैसे पाच वर्षांहून अधिक काळ दिले गेले असतील तरीही नाही. तुम्ही या तिन्हींत बसता. कार्यालय कदाचित तुमचं जुनं हमीपत्र पुढे करेल. वेतननिश्चितीच्या वेळी "जास्त रक्कम मिळाल्यास परत करीन" असं आपण सगळ्यांनीच लिहून दिलेलं असतं. त्यासाठी ते 2016 च्या जगदेव सिंग निकालाचा आधार घेतील. तो निकाल एका न्यायिक अधिकाऱ्याचा, म्हणजे वरच्या वर्गातल्या माणसाचा होता, हे तुमच्या अर्जात लिहा. मात्र आज तुम्ही स्वखुशीने संमती लिहून दिलीत, तर पुढे भांडायला हातात काही उरणार नाही. म्हणूनच "नको" म्हटलं.

आता पेन्शन. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मध्ये तात्पुरत्या निवृत्तिवेतनाची सोय आहे. अंतिम हिशेब अडला असेल तर कार्यालयप्रमुख ते मंजूर करू शकतात, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. तुम्हाला ते जूनपासूनच मिळायला हवं होतं. लेखी मागितलंत का? माझ्या अनुभवात दहातल्या नऊ जणांनी मागितलेलं नसतं, कारण अशी सोय आहे हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. याच नियमांत 129-अ आणि 129-ब आहेत. प्रशासकीय दिरंगाईमुळे ग्रॅच्युइटी तीन महिन्यांपलीकडे आणि पेन्शन सहा महिन्यांपलीकडे लांबली, तर त्यावर व्याज द्यावं लागतं. हे दोन आकडे अर्जात आले की टेबलावरचा कागद हलतो.

तेव्हा एकच अर्ज करा, चार परिच्छेदांचा. पहिल्यात तात्पुरत्या निवृत्तिवेतनाची मागणी. दुसऱ्यात आक्षेपाची प्रत आणि ज्या नियमाखाली तो काढला त्याचा उल्लेख मागा. तिसऱ्यात वसुलीला नकार, कारणासह. चौथ्यात व्याज. स्वतः नेऊन द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. विलंबास प्रतिबंध करणारा 2005 चा कायदा सांगतो की कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाइल कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. ते सात दिवस त्या आवक क्रमांकापासून मोजायचे.

मुलीच्या लग्नाला माझे आशीर्वाद.

प्रश्न : मावशी, मी लांज्याच्या बाजूला एका कार्यालयात कनिष्ठ लिपिक आहे, आस्थापनेच्या टेबलावर. नोकरीला दोन वर्षं झाली. साहेब म्हणतात, "लखीना पॅटर्नप्रमाणे दप्तर लाव." तुम्हीही सदरात सारखं सुधारणा, सुधारणा म्हणता. पण सुधारणा तर मोठे अधिकारी करतात. माझ्यासारखीच्या हातात काय आहे? तुम्ही स्वतः काय केलंत? (लांजा)

तू मावशी म्हटलंस, म्हणून एकेरीत लिहिते. तुझा प्रश्न वाचल्यावर मी दोन दिवस दुसरं काही लिहिलं नाही.

आधी लखीना. अनिल लखीना हे 1980 च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कुठला नवा कायदा केला नाही. आपल्या कार्यालयाची मांडणी बदलली. कोण कुठे बसतो, कुणाकडे कुठलं काम, लोकांचा अर्ज कुठल्या खिडकीत घ्यायचा, जुने कागद कुठे जायचे, कुठल्या विषयावर शासनाचे कोणते आदेश आहेत, हे सगळं त्यांनी आखून दिलं. ती पद्धत पुढे राज्यभर "लखीना पॅटर्न" म्हणून ओळखली गेली. तुझ्या कपाटातले सहा गठ्ठे याच शिस्तीतले समज. कार्यवाही चालू असलेली प्रकरणं, प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. साहेबांनी सांगितलं म्हणून नव्हे, तू एक दिवस रजेवर गेलीस तरी तुझ्या टेबलावरचं काम दुसऱ्या कुणाला तरी करता यावं, म्हणून ते लाव. विशेषतः चौथा गठ्ठा, स्थायी आदेशांचा. तो ज्या टेबलावर जिवंत असतो त्या टेबलावर कुणी "नियमात बसत नाही" असं मोघम बोलत नाही. तो कागद काढून दाखवतो.

आता माझं. यात मोठं असं काही नाही, पण तू विचारलंस म्हणून सगळं सांगते.

माझे वडील तलाठी होते. मी 1983 मध्ये मालवणच्या उपकोषागारात लिपिक म्हणून लागले आणि पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले. पेन्शन मंजूर झाली की मुंबईहून महालेखापालांच्या कार्यालयातून पीपीओ यायची, म्हणजे निवृत्तिवेतन प्रदान आदेश. टपाल फोडून नोंद करायचं काम माझ्याकडे होतं. रोज दुसऱ्या कुणाची तरी पीपीओ मी रजिस्टरला चढवायची. खिडकीत म्हातारी माणसं विचारायची, "बाये, माजी पेन्शन कदी गावतली?" आणि मी सांगायची, येईल, येईल. संध्याकाळी घरी गेले की वडील पडवीत बसलेले असायचे. कधी विचारलं नाही त्यांनी. नुसतं माझ्या पिशवीकडे बघायचे. हे 14 महिने चाललं. दुसऱ्या वर्षी आईने परड्यातली आंब्याची दोन कलमं खंडाने दिली. आमच्या घरात तोपर्यंत कलम खंडाने गेलं नव्हतं.

अडलं होतं कशावर, तर 1961 ते 1964 या वर्षांच्या सेवा पडताळणीचा शेरा त्यांच्या सेवापुस्तकात नव्हता. नोकरी केली होती, पगार घेतला होता, वेतनपटावर सह्या होत्या. दरवर्षी कार्यालयप्रमुखाने "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतची सेवा वेतनदेयकांवरून पडताळली" अशी जी एक ओळ लिहून सही करायची, ती कुणी लिहिली नव्हती. त्यात 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि जुने गठ्ठे दोन ठिकाणी वाटले गेले. ती वेतनदेयकं मिळालीच नाहीत. शेवटी त्यांच्या बरोबर काम केलेल्या दोघांची शपथपत्रं आणि एका जुन्या वेतनपटाचा कागद जोडून प्रकरण सुटलं. सात शब्दांची ओळ, आणि तिच्यासाठी माझ्या वडिलांचे 14 महिने गेले. तेव्हा मी ठरवलं की या कामात आपण राहायचं.

आणि तरीही पुढे माझ्या हातून तेच झालं. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

1996 साली मी एका कार्यालयात सेवापुस्तकं तपासायच्या टेबलावर होते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावातल्या शिपायाचं पुस्तक जुलैत आलं. नामनिर्देशनावर साक्षीदाराची सही नव्हती. मी तेवढाच आक्षेप लिहिला आणि पुस्तक परत पाठवलं. ते दुरुस्त होऊन दिवाळीनंतर आलं. मी पुढची पानं उलटली, तर 1979 ची वेतनवाढ साक्षांकित नव्हती. पुन्हा आक्षेप, पुन्हा परत. तिसऱ्यांदा पुस्तक एप्रिलमध्ये आलं तेव्हा सोबतच्या पत्रात लिहिलं होतं : सदर कर्मचारी मयत, प्रकरण कुटुंब निवृत्तिवेतनासाठी सादर. 1979 चं ते पान जुलैतही तिथेच होतं. ते उलटायला मला दोन मिनिटं लागली असती. पहिला दोष सापडला की पुस्तक मिटायचं, अशी तेव्हाची रीत होती आणि मी ती विचार न करता पाळली. नियमाने माझी चूक नव्हती. मला कुणी काही विचारलंही नाही.

त्या एप्रिलपासून मी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय एकही आक्षेप लिहिला नाही. सगळे आक्षेप एकदाच, एकाच कागदावर, आणि प्रत्येकापुढे तो कसा दूर करायचा तेही. "त्रुटी पूर्तता करावी" असं नाही लिहायचं. "पान 14 वरील नोंदीवर सध्याच्या कार्यालयप्रमुखांनी मूळ आदेश पाहून साक्षांकन करावं" असं लिहायचं. त्यासाठी मी एक तक्ता केला आणि चक्रमुद्रित करून घेतला. जन्मतारीख अंकी व अक्षरी, पहिल्या नेमणुकीचा आदेश, वैद्यकीय दाखला, चारित्र्य पडताळणी, स्थायित्व प्रमाणपत्र, भाषा परीक्षा किंवा सूट, रजेचा हिशेब, गट विम्याच्या नोंदी, प्रत्येक वेतन आयोगाची निश्चिती, नामनिर्देशन, आणि वर्षावर्षाची सेवा पडताळणी. पुढे संगणक अर्हतेचीही भर पडली. एमएस-सीआयटी वेळेत न केल्याने वेतनवाढी अडलेली कितीतरी माणसं मी पाहिली. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने आधी नाकं मुरडली. चार महिन्यांनी त्याने माझ्याकडून तक्त्याच्या 50 प्रती मागून नेल्या.

उपकोषागार अधिकारी झाल्यावर मला स्वतःचं काही करता आलं. खरं तर पेन्शन प्रकरणं तयार करणं हे उपकोषागाराचं काम नाही. ते ज्याच्या त्याच्या कार्यालयाचं. पण तालुक्यातल्या सगळ्या कार्यालयांची वेतनदेयकं माझ्याकडे येत होती, म्हणजे कोण कधी 58 पूर्ण करणार हे मला बसल्या जागी कळत होतं. मी एक वही घातली. येत्या दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची नावं, 1 जानेवारी आणि 1 जुलैला नवी. ज्याचं पुस्तक वेतन पडताळणी होऊन आलं त्याचं नाव निळ्या शाईत, बाकीची लाल. महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या त्या कार्यालयाच्या लिपिकांना पुस्तकं घेऊन बोलवायचं. कृषी, बांधकाम, पोलीस, वन, सगळे यायचे. चहा आणि कांदाभजी माझ्याकडून. तक्ता समोर ठेवून आम्ही एकमेकांची पुस्तकं तपासायचो. स्वतःच्या कार्यालयाचं पुस्तक स्वतः तपासलं तर चूक दिसत नाही, दुसऱ्याला ती लगेच दिसते.

तपासलेली पुस्तकं पत्र्याच्या पेटीत भरून बेलापूरला कोकण भवनात जायची, कारण कोकण विभागाचं वेतन पडताळणी पथक तिथे. त्याआधीच्या काळात एसटीने रात्रभर जाताना पेटी मांडीवर घेऊन बसलेले लिपिक मी पाहिले आहेत. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि तो त्रास गेला. पावसात पेटीत कडुनिंबाचा पाला आणि वर प्लॅस्टिक, कारण आपल्या हवेत सेवापुस्तकाची पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना शाई दुसऱ्या पानावर जाते. तूही तुझ्या कपाटात खालचा खण रिकामा ठेव. वाळवी तिथूनच येते.

तिसऱ्या वर्षी वहीत दोनच नावं लाल राहिली. एकावर विभागीय चौकशी होती. दुसऱ्याचं पुस्तक मूळ कार्यालयातूनच हरवलं होतं आणि ते नव्याने बांधायला आम्हाला दीड वर्ष लागलं. त्या वर्षी एक वनरक्षक निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी पीपीओ त्याच्या हातात पडली, तेव्हा तो ती वाचेना. बायकोच्या हातात देऊन म्हणाला, "हेका सांभाळ." मला वडिलांची पडवी आठवली.

माझी बदली झाल्यावर ती वही चालली का? वर्षभर चालली, मग बंद पडली. याचं मला अजून वाईट वाटतं. मी ती माझ्या हौसेवर चालवली, कार्यालयाच्या कामाच्या यादीत बसवली नाही. लखीना यांनी नेमकं तेच केलं होतं, माणूस गेला तरी मांडणी मागे राहील अशी. पुढे निवृत्तिवेतनवाहिनी आणि सेवार्थ या संगणक प्रणाली आल्या, पगाराची माहिती आपोआप जमू लागली. पण सेवापुस्तकातली न लिहिलेली ओळ संगणकही लिहीत नाही.

तर तुझ्या हातात काय आहे? आस्थापनेचं टेबल आहे. तुझ्या कार्यालयातल्या प्रत्येकाचं सेवापुस्तक तुझ्या कपाटात आहे. या एप्रिलमध्ये गेल्या वर्षाची सेवा पडताळणी प्रत्येक पुस्तकात लिही आणि साहेबांची सही घे. 20 माणसांचं कार्यालय असेल तर दोन दुपारींचं काम आहे. प्रत्येकाला त्याचं पुस्तक दाखव, पाहिल्याची सही घे, दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे त्याच्याकडे राहणारी प्रत, अद्ययावत करून दे. आणि सगळ्यात आधी शिपायाचं आणि वाहनचालकाचं पुस्तक काढ. साहेबांचं पुस्तक कुणीही सांभाळतं. तीन महिन्यांनी मला पुन्हा पत्र लिही, किती पुस्तकं झाली ते कळव.

प्रश्न : निवृत्तीच्या वेळी मी 40 टक्के पेन्शन विकली होती. पुढच्या सप्टेंबरात 15 वर्षं होतात. ती आपोआप पूर्ववत होते की अर्ज करावा लागतो? आणि हे 15 वर्षांचं ठरवलं कुणी? (श्रीवर्धन)

तुम्ही ज्याला "विकली" म्हणता त्याला नियमात अंशराशीकरण म्हणतात, म्हणजे पेन्शनचा काही भाग आगाऊ एकरकमी घ्यायचा आणि दरमहा तेवढी कपात सोसायची. 15 वर्षं पूर्ण झाल्यावर कोषागाराने ती रक्कम पूर्ववत करायची असते. तरी ऑगस्टमध्ये पीपीओची प्रत जोडून साधा अर्ज द्या. 15 वर्षं निवृत्तीच्या तारखेपासून नव्हे, अंशराशीकरणाची कपात सुरू झाल्यापासून मोजतात. ती तारीख तुमच्या पेन्शनच्या नोंदीत आहे. महागाई भत्ता तुम्हाला इतकी वर्षं पूर्ण पेन्शनवर मिळतोय ना, तेही पासबुकावरून ताडून बघा. मूळ पेन्शन 20,000 असेल आणि हातात 12,000 येत असतील, तरी भत्ता 20,000 वरच हवा.

कुणी ठरवलं, हे विचारलंत याचा मला फार आनंद झाला. पूर्वी विकलेली पेन्शन कधीच परत येत नसे. सरकारने आगाऊ दिलेले पैसे व्याजासह वसूल झाले तरी कपात मरेपर्यंत चालायची. दिल्लीत एच. डी. शौरी नावाचे निवृत्त सनदी अधिकारी होते. त्यांनी 1980 मध्ये कॉमन कॉज ही संस्था काढली आणि निवृत्तांच्या तक्रारी न्यायालयात नेल्या. त्यातला पहिला मोठा लढा डी. एस. नाकारा यांचा. नाकारा 1972 मध्ये संरक्षण मंत्रालयातून वित्तीय सल्लागार म्हणून निवृत्त झाले होते. 1979 मध्ये सरकारने पेन्शनचं सूत्र सुधारलं, पण फक्त 31 मार्च 1979 आणि त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांसाठी. एक दिवस आधी निवृत्त झालेल्याने काय पाप केलं होतं, असा तो प्रश्न होता. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 17 डिसेंबर 1982 रोजी ती तारखेची भिंत पाडली. निकाल न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिला. पेन्शन ही मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा तो हक्क आहे, हे त्यातून देशाला कळलं. 17 डिसेंबरला आपण पेन्शनर्स दिन पाळतो तो यासाठी. शौरींच्याच कॉमन कॉजने पुढे अंशराशीकरणाचा प्रश्न नेला आणि 1986 च्या डिसेंबरात न्यायालयाने 15 वर्षांनी पूर्ण पेन्शन पूर्ववत करण्याचं मान्य केलं.

स्वतः निवृत्त झाल्यावर दुसऱ्यांच्या निवृत्तीसाठी लढणारा माणूस मला फार मोठा वाटतो. सप्टेंबरात तुमच्या पासबुकात जी वाढ दिसेल, ती त्यांच्या कामाची आहे.

प्रश्न : मी कृषी सहायक, 2009 चा. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी 2004 चा. काम एकच, पण त्याला जुनी पेन्शन आणि मला शेअर बाजार. याला सुधारणा म्हणतात का? (दापोली)

तुमचा राग मला समजतो आणि तो योग्य आहे. पण ही सुधारणा आली कशी तेही माहीत असू द्या, म्हणजे मागणी नेमकी करता येईल.

जुन्या पेन्शनसाठी कुठे वेगळा निधी साठवलेला नसतो, ती त्या त्या वर्षीच्या महसुलातून जाते. माणसं जास्त जगू लागली आणि हा बोजा वाढत गेला. सुरेंद्र दवे यांच्या अध्यक्षतेखालच्या ओअॅसिस प्रकल्पाचा अहवाल 2000 मध्ये आला. तो मुख्यतः ज्यांना कुठलीच पेन्शन नाही अशा असंघटित लोकांसाठी होता, ही गोष्ट आज बहुतेकांना ठाऊक नसते. मग भट्टाचार्य समितीने सरकारी नोकरांचा विचार केला. 22 डिसेंबर 2003 ची अधिसूचना निघाली आणि 1 जानेवारी 2004 पासून केंद्राच्या नव्या भरतीला अंशदानाची योजना लागू झाली. आपल्या राज्यात ती 1 नोव्हेंबर 2005 पासून. तुमच्या दोघांतली रेघ ही आहे. सुरुवातीला तुमचे 10 टक्के आणि सरकारचे 10 टक्के होते. सरकारचा वाटा पुढे 14 टक्के झाला.

माझं मत स्पष्ट आहे. अंशदान घ्यावं, निधी साठवावा, त्यात काही गैर नाही. पण म्हातारपणी महिन्याला किती येणार, हे बाजारावर सोडू नये. ती जोखीम सरकारसारख्या मोठ्या संस्थेला पेलते, एकट्या कृषी सहायकाला नाही. मार्च 2023 मध्ये राज्यातले कर्मचारी सात दिवस संपावर गेले ते याच मुद्द्यावर. त्यानंतर समिती बसली. केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली. त्यात 25 वर्षं सेवा झालेल्याला शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन हमीने मिळते. आपल्या राज्य मंत्रिमंडळानेही त्याच महिन्यात ती लागू करायचा निर्णय घेतला. म्हणजे हमीचं तत्त्व परत आलं. पर्याय देण्याआधी निवृत्तीपर्यंत तुमची सेवा 25 वर्षं भरते का, ते बोटांवर मोजा.

आणि आजच एक काम करा. प्रान क्रमांकाचं, म्हणजे तुमच्या पेन्शन खात्याच्या क्रमांकाचं, विवरणपत्र काढा आणि 2009 पासूनची प्रत्येक कपात, महिन्यागणिक, त्यात जमा आहे का बघा. विशेषतः राज्यात राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली येण्याआधीची वर्षं. जुन्या पगारपत्रकांच्या प्रती मिळवून ठेवा. तुमचं सेवापुस्तक आता हे आहे.

प्रश्न : माझे यजमान जानेवारीत वारले. ते पेन्शनर होते. पीपीओवर माझं माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. बँकेत म्हणतात, नाव जुळत नाही. मला लिहिता येत नाही, हे नातीने लिहिलं आहे. (गुहागर)

ताई, घाबरू नका. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची पद्धत आहे आणि पूर्वीच्या पुष्कळ नोंदी माहेरच्याच नावाने आहेत. तुमच्यासारख्या कितीतरी जणी मी खिडकीत पाहिल्या. कुणाचीही पेन्शन त्यावरून कायमची गेली नाही.

बँकेत वाद घालू नका. मृत्यूचा दाखला, पीपीओ, तुमचं आधार, पासबुक, दोघांचा एकत्र फोटो आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं शपथपत्र घेऊन कोषागारात जा. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र असेल तर उत्तमच. पीपीओवरच दुरुस्ती हवी असं त्यांनी सांगितलं, तर यजमान जिथून निवृत्त झाले त्या कार्यालयात अर्ज द्या. तिथून प्रस्ताव मुंबईला महालेखापालांकडे जातो. तुम्हाला स्वतः मुंबईला जायची गरज नाही, कुणी सांगितलं तरी जाऊ नका.

एक मात्र आजच करा. यजमान गेल्याच्या तारखेनंतर त्यांच्या खात्यात पेन्शन जमा झाली असेल, तर ती काढू नका. ती परत भरावी लागते आणि तेवढ्यावरून तुमचं प्रकरण अडतं.

नातीला सांगा, अक्षर फार सुंदर आहे. अर्ज तिनेच लिहावा, दोन प्रतींत. तुम्ही अंगठा द्या, शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि एक प्रत शिक्का मारून परत घ्या. खिडकीतल्या माणसाने कागद परत केला, तर नातीने एवढंच म्हणावं : "काय काय कमी आहे ते सगळं एकाच कागदावर लिहून द्या."